डावं मागचं चाक

वैजूवहिनीनं पार्किंगमध्ये गाडी लावली
आणि चावी माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवली.
अकरा महिने आमचं हेच चाललंय:
वस्तू मध्ये ठेवायची, आपण मागं सरकायचं.
"ब्रेक खाली जातोय," ती म्हणाली,
म्हणजे खांबाला म्हणाली.

मारुती आठशे, सत्त्याण्णवची, बाबांच्या पीएफमधली.
आता डबे पोचवते धनकवडी ते शिंदेवाडी,
चाळीस जणांची आमटी मागं हिंदकळत
घाट उतरते.

पेडलवर पाय ठेवला. आधी स्पंज,
मग सावकाश थेट तळ.
टाकीत तेल खालच्या रेघेच्याही खाली.
चारही टायर आतल्या बाजूनं चाचपले:
तीन कोरडे, धुळीचे.
डाव्या मागच्याला बोट लागलं ते ओलं निघालं.
"तीनदा भरलं तेल," खांबाकडूनच.
"मग सांगायचं नाही?"
"कोणाला?"

पुढच्या चाकांना दगड, मागं जॅक, दोन स्टँड.
हँडब्रेक सोडलेला, हे विसरलं तर ड्रम जन्मात निघत नाही.
न विसरताही निघेना.
इतक्या वर्षांत त्याला आतून काठ पडलाय,
ब्रेकशू त्या काठाआड बसलेत दडून.
हातोडा घालावासा वाटतो. घालायचा नाही, तडकतो.
त्याच्याच अंगावर आट्यांची दोन भोकं असतात,
त्यात आठचे दोन बोल्ट:
अर्धा फेरा इकडं, अर्धा तिकडं.
एकाच बाजूनं ओढलं
की वाकडा होऊन आणखी घट्ट बसतो.
हे आयटीआयत रणपिसे सरांनी सांगितलेलं.
मी ते लोखंडापुरतंच लिहून घेतलं होतं.

निघाला. आत काळी भुकटी.
फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची.
सिलिंडरचं रबर नखानं उचललं
तर आतून एक थेंब ओघळला, घाई नसल्यासारखा.
लायनर तेल पिऊन तुकतुकीत,
घासायचं काम कधीच विसरलेले.

कुठली स्प्रिंग कुठं, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.
म्हणून उजव्याचा ड्रम नुसता काढून ठेवला,
आत बोटही घातलं नाही. तो नकाशा.
फक्त उलटा वाचायचा,
आरशात भांग पाडतो तसा.

वहिनी जुना सिलिंडर पिशवीत घालून
नाना पेठेत जाऊन आली.
नवा सिलिंडर, चारही शू, तेलाचा डबा, बिल.
पिशवी पुन्हा बॉनेटवर.
तोवर माझे हात कोपरापर्यंत काळे,
आणि एक स्प्रिंग उडून जोश्यांच्या स्कूटरखाली.
ती तिनं शोधली.

डावं झालं, मग उजवं.
उरली हवा.
हवा काढायला दोन माणसं लागतात, त्याला इलाज नाही.
ती आत पेडलवर, मी खाली निपलशी,
नळी मुरंब्याच्या बाटलीत.
ती मला दिसत नव्हती, मी तिला.
"दाब."
"दाबलं."
"धर."
पाना पाव फेरा, बुडबुडे, पाना बंद.
"सोड."
मी म्हणायच्या आधी सोडलं
तर गेलेली हवा परत आत शिरते.
एकदाही सोडलं नाही तिनं.

दाब. धर. सोड.
तेराव्यांदा की चौदाव्यांदा,
"धर" आणि "सोड"च्या मध्ये
वरून आवाज आला:
"फ्लॅट विकायचं मी नव्हते म्हणाले.
श्रीरंग म्हणाला. मी तिथं चहा करत होते."
निपल उघडाच होता.
नळीतून एक मोठा बुडबुडा आला,
मागून नितळ तेल.
"धर," मी म्हणाले. "सोडू नको."

संध्याकाळी पेडल वरच्या वर, दगडासारखं.
ती गाडी घेऊन फाटकापर्यंत गेली,
उतारावर दाबला.
गाडी जागच्या जागी. रिकामे डबे खणखणले.
ब्रेकलाइटनं सोसायटीची भिंत लाल झाली
आणि लालच राहिली.
मी बोळा घेऊन हात पुसत उभी.
मग कळलं,
मी "सोड" म्हणायची राहिले होते.